दादाचे कान आणि टिटवाळ्याचा नगारा

मंडळी, माजिवड्याहून टिटवाळ्याला बैलगाडीनं कसं जायचं, हे मला कुणी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. नातसुनेनं हा ब्लॉग उघडून दिला तेव्हापासून मी इथे काशी लिहिली, रामेश्वर लिहिलं, नर्मदेचा घाट लिहिला. तुम्ही वाचलंत, ‘आजी, छान’ म्हणालात. पण आयुष्यातला पहिला प्रवास मी सत्तर वर्षं कुणाला धड सांगितला नाही, कारण तो सांगायची लाज वाटते. आज लाजेसकट सांगते. रस्ता, मुक्काम, जेवणखाण सगळं देईन. फक्त त्या वाटेनं जाल तर माझ्यासारखे जाऊ नका.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, नुकतीच शाळेत मास्तरीण म्हणून लागलेली. आमच्या आगरी घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी, त्यामुळे अंगात शहाणपण नुसतं फसफसत होतं. बापूस खाडीकाठच्या मिठागरात राबायचा आणि माझा मोठा भाऊ काशिनाथ, म्हणजे दादा, त्याच्याबरोबर. दादा तेव्हा चोवीस वर्षांचा.

दादाचं वेगळंच होतं. बोलायचा मोजकं, पण ऐकलेलं सगळं त्याच्यात साठून राहायचं. ठेकेदारानं सकाळी घातलेल्या शिव्या तो दुपारी भाकरी खाताना ठेकेदाराच्याच आवाजात, त्याच्या खोकल्यासकट म्हणून दाखवायचा. आम्ही हसून लोळायचो. तो हसायचा नाही. चेष्टा करतोय असंही नसायचं, आवाज आत राहिलेला असायचा तो बाहेर पडायचा, इतकंच. सदरा कायम उलटा घालायचा, शिवण बाहेर. भाताबरोबर आपल्याच आगराचं मीठ लागायचं. कुणी ताटली आपटली, कुणी ढोल वाजवला की दोन्ही हात कानांवर. गावात म्हणायचे बाधा आहे. मी म्हणायचे, बाधाबिधा काही नाही, लाड आहेत.

आणि याच कानांवर आमचं घर जेवायचं, हे मला तेव्हा दिसत नव्हतं. वाफ्यातलं पाणी आटत आलं की मीठ पडताना म्हणे बारीक तडतड होते. ‘म्हणे’ अशासाठी, की मला ती जन्मात ऐकू आली नाही. दादा वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून सांगायचा, “पडलं.” बापूस फळी घेऊन मीठ ओढायला निघायचा आणि मीठ खरंच पडलेलं असायचं.

त्या वर्षी ठेकेदारानं खाडीचं पाणी चढवायला तेलावरचं इंजिन आणलं. चार दिवस दादा कान झाकून बांधाच्या पार टोकाला बसला. पाचव्या दिवशी कोयता घेऊन आला आणि इंजिनाचा पट्टा कापला. ठेकेदार बापसाला म्हणाला, “एक तर हा, नाय तर तुमचं काम. काय ते ठरवा.”

आता आम्ही ठाण्याचे. मुंबईकर एखाद्याला ‘ठाण्याला पाठवा’ म्हणून हसतात ना, ते वेड्यांचं इस्पितळ आमच्या घरापासून दोन-तीन मैलांवर होतं. आम्ही त्याला नावानं नाही बोलायचो. ‘भिंतीमागं’ म्हणायचो. बापूस दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “काशाला भिंतीमागं ठेवायला लागंल.” आय छाती पिटायला लागली. तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, कल्याणला कानाचे मोठे डॉक्टर आलेत, त्यांना दाखवते. तिथून टिटवाळ्याच्या गणपतीला आयच्या नवसाचा नारळ देते. दादा बरा होऊन आला तर राहील. बापूस म्हणाला, “ने. पण आला तसाच परत आणलास, तर मग मना बोलू नको.” दादाचं घरातलं राहणं असं माझ्या हातात आलं.

पहिला दिवस. रेल्वे होती की, पण इंजिनाच्या शिट्टीनं दादा फलाटावरच आडवा झाला असता, म्हणून गाडी जुंपली. हाकणारा दादाच. बैलांवर त्याचा हात असा, की चाबूक लागतच नसे. त्यानं घुंगरमाळा काढून खुंटीला टांगल्या होत्या. मी त्या परत आणून बैलांच्या गळ्यात घातल्या. म्हटलं, “कल्याणात मिरवत जायचं तर माळा नकोत? मयताला चाललोय का आपण?” सदराही नवा कोरा, खळीचा, आणि सुलट. तो म्हणाला, “मना नको.” मी म्हटलं, “माझ्यासाठी घाल.” त्यानं घातला. अख्ख्या वाटेत मी त्याच्याकडे मागितलेलं त्यानं नाकारलं असं एकदाही झालं नाही, हे लक्षात ठेवा.

ठाण्याचा बाजार, मग कळव्याचा पूल, मग एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला खाडी असा मुंब्र्याचा रस्ता. रस्ता कसला, खड्ड्यांची माळ. पण सकाळचं ऊन खाडीवर पडलेलं, भातशेतं कापून मोकळी झालेली, पाणथळीत बगळे. मी आपली गात होते. मुंब्र्याजवळ रूळ रस्त्याला अगदी लागून येतात. आगगाडी धडधडत आली तेव्हा दादा खाली उतरला आणि त्यानं बैलाच्या वशिंडात कपाळ खुपसलं, दाबून, ती जाईपर्यंत. बैल हलला नाही. मी वर बसून म्हटलं, “चला आता, झालं नाटक.”

शीळफाट्याला एका झाडाखाली चहाचं टपरीवजा छप्पर होतं, शेजारी लोहाराची भट्टी. थांबायचं तर इथेच, कारण पुढे विहीर लांब. तिथे पोचण्याआधीच दादा म्हणाला, “डावं चाक.” मी विचारलं काय झालं डाव्या चाकाला, तर पुन्हा तेच. मी लक्ष दिलं नाही. लोहारानं सहज वाकून पाहिलं आणि तोंडात बोट घातलं.

“बाय, खीळ निम्मी बाहेर आलेली. आणखी पाव मैल गेला असता तर चाक खड्ड्यात आन्‌ तुमी चाकामागं. कुनी बगितलं?”

“बघितलं नाही,” मी म्हटलं. “त्याला ऐकू आलं.”

“घुंगरांच्या येवड्या गोंगाटात?” लोहार दादाकडे बघतच राहिला. “कान हाय का काय!”

मंडळी, तिथेच परत फिरायला हवं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण मी चहा प्यायले, खारी बिस्किटं खाल्ली आणि पुढे निघाले.

डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम. आजची डोंबिवली डोळ्यांसमोर आणू नका. स्टेशनाजवळ थोडी कौलारू घरं आणि मग सगळी शेतं; मावशीचं घर त्या शेतांत. तिनं तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि गरम भात वाढला. दादा कमरेच्या फडक्यातून आपलं मीठ काढायला लागला तेव्हा मी फडकं काढून घेतलं. मावशीला डोळा मारून तिच्या डब्यातलं मीठ त्याच फडक्यात घालून दिलं. परीक्षा! त्यानं एक घास घेतला, तोंडात तसाच धरला, उठून बाहेर टाकून आला आणि ताट बाजूला सारलं. उपाशी झोपला. मावशी म्हणाली, “कशाला गो छळतेस?” मी म्हटलं, सवय लावतेय.

दुसरा दिवस. सकाळी कल्याण. डॉक्टर गोरेपान, मनमिळाऊ, खोलीत स्पिरिटचा उग्र वास. दादानं नाक सदऱ्यात घातलं. डॉक्टरांनी दिव्यानं कान पाहिले, चिमट्यासारखं काहीतरी वाजवून कानाशी धरलं. मग खिशातलं घड्याळ धरून एकेक पाऊल मागे जात राहिले. “ऐकू येतंय?” “येतं.” दाराबाहेर गेले. “येतं.” शेवटी पलीकडच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दादा तिथूनच ओरडला, “बंद कर!”

डॉक्टर हसत परत आले. “कान लखलखीत आहेत, बाई. आपल्या दोघांपेक्षा उत्तम. हा सगळा सवयीचा प्रश्न आहे. झाकू देऊ नका कान. जेवढं टाळाल तेवढं वाढेल. लाड बंद करा.”

मला काय आनंद झाला सांगू! हाच तर माझा शब्द, लाड. मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून आलेला. ज्याला दारापलीकडचं घड्याळ ऐकू येतं, त्याला मग ढोल केवढा ऐकू येत असेल, हे त्या शिकलेल्या खोलीत दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टरांना दोष देत नाही, ते त्याला एकदाच भेटलेले. मी चोवीस तास त्याच्याबरोबर राहणारी बहीण होते.

कल्याणहून उल्हास नदी ओलांडून टिटवाळ्याला जायला बैलगाडीला तीन-चार तास. वाटेत आंब्याचा मोहोर, करवंदीच्या जाळ्या, माणूस विरळा. देऊळ तेव्हा साधंसुधं, आजच्यासारख्या रांगा नाहीत. बाहेर एक बाई केळीच्या पानावर उकडलेले शेंगदाणे विकत होती, फार चवीचे. धर्मशाळेत जागा मिळाली, अंथरूण आपलं आपण न्यायचं. नारळ वाढवला. दादा देवासमोर शांत उभा होता, समईकडे पाहत. मला वाटलं, गुण येतोय.

मग संध्याकाळची आरती. गाभाऱ्याबाहेर कोपऱ्यात मोठा नगारा. मी दादाला हाताला धरून नगाऱ्यापासून हातभर अंतरावर नेऊन बसवलं. त्यानं नगाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं. तरी बसला.

पहिला ठोका पडला आणि त्याचे हात वर गेले. मी ते ओढून खाली आणले आणि मांडीवर दाबून धरले. “हात खाली,” मी म्हटलं. घंटा सुरू झाल्या, झांजा सुरू झाल्या. त्याच्या नव्या सदऱ्यातून घाम फुटलेला. मी कानाशी तोंड नेऊन बोलत राहिले, कारण त्याशिवाय त्याला ऐकू जाणार नाही अशी माझी समजूत. काय काय बोलले ते पुढे येईलच. त्यानं वाकून स्वतःचं मनगट चावलं, रक्त आलं. तरीही मी हात सोडले नाहीत. मंडळी, मी त्याच्यापेक्षा अर्ध्या ताकदीची. त्याला सुटायचंच असतं तर तेव्हाच सुटला असता. तो माझ्यासाठी बसला होता. आरतीच्या शेवटी नगारा दुप्पट चढला तेव्हा मात्र तो उठला, माणसं तुडवत बाहेर गेला आणि दिसेनासा झाला.

मी काळू नदीपर्यंत धावले. उजेड होता अजून. पाण्यात फक्त एक तोंड दिसत होतं, आभाळाकडे केलेलं, डोळे मिटलेले, कान पाण्याखाली. मी किंचाळले. काठावर एक म्हातारी धुणं आपटायचं थांबवून बसली होती.

“वरडू नको,” ती म्हणाली. “बुडत नाय तो. मगापासून हाय तसाच. आला तवा हुंदके देत व्हता, आता बग कसा निवलाय. मीबी धुणं थांबवलंय.”

मी तिचं ऐकलं नाही. लुगड्यासकट पाण्यात शिरले, केस धरून त्याला ओढलं आणि काठावर आणून थोबाडीत मारली. लोक जमले होते ना! देवळातून मागोमाग आलेले. त्या सगळ्यांदेखत माझी फजिती झाली, याचाच राग होता. त्याचा जीव वाचल्याचा आनंद होता असं लिहायला मला आवडलं असतं.

म्हातारी म्हणाली, “मारते कशाला, गं? पाण्यात आवाज येत नाय, म्हनून बसलाय तो.” एका न शिकलेल्या, अनोळखी बाईला जे कळलं, ते मास्तरणीला कळलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझे तर दोन होते.

तिसऱ्या दिवशी परत मावशीकडे, चौथ्या दिवशी दुपारी घरी. वाटेत दादा एक शब्द बोलला नाही. घुंगरं वाजतच होती. ती काढावीत हेसुद्धा मला सुचलं नाही. घरी आयनं त्याचा सदरा उतरवला आणि ‘अरे देवा’ म्हणून खाली बसली. मानेभोवती, काखेत, शिवण जिथे जिथे लागली तिथे तिथे कातडी सोलवटलेली. आय खोबरेल लावत राहिली. तो चार दिवस तो सदरा सुलट घालून होता, कारण मी ‘काढ’ म्हटलं नव्हतं.

बापसानं विचारलं, “कसा वागला गो?”

मी म्हटलं, “आरतीच्या वेळी देवळातून पळाला. लोकांना तुडवलं. नदीत शिरला, मी ओढून काढला. डॉक्टर म्हणतात, कान चांगले आहेत.”

यातला एक शब्द खोटा नव्हता. आणि याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेले नाही. नगाऱ्याशी कुणी बसवलं, हात कुणी धरले, थोबाडीत कुणी मारली, ते मी गिळलं. बापूस खांबाला टेकून बसला. मग आयला म्हणाला, “त्याचं गाठोडं बांध. सकाळी नेतो.” मला दिसत होतं काय होतंय ते. तोंड उघडलं असतं तर थांबलं असतं. नाही उघडलं. गावात, शाळेत, बापसाच्या नजरेत मी शहाणी होते आणि मला शहाणीच राहायचं होतं.

आयनं ताटं वाढली. दादानं भातावर आपलं मीठ घेतलं, दोन घास खाल्ले आणि बोलायला लागला. चार दिवसांत आत साठलेलं बाहेर यायला लागलं.

आधी डॉक्टर आले, तसेच गोड: “झाकू देऊ नका कान. लाड बंद करा.” मग नगारा, ओठांनी, ठोक्याला ठोका. आणि मग त्याच्या तोंडून माझा आवाज आला. माझाच, मास्तरणीचा, दातांत धरून बोललेला:

“हात खाली. हात खाली, म्हणते ना. लोक बघतायत. वेड्यासारखा करू नको. हात खाली ठेव, नाहीतर बापूस तुला भिंतीमागं टाकील. मी सांगेन त्याला टाकायला.”

आयच्या हातातली पळी तशीच राहिली. दादानं टाळी वाजवली, एकच, थोबाडीत बसते तशी. मग म्हातारी बोलली, नदीकाठची, त्याच्या तोंडून: “पाण्यात आवाज येत नाय, म्हनून बसलाय तो.”

मग तो पुन्हा जेवायला लागला. तक्रार करायची नव्हती त्याला. कुणाला पकडून द्यायचं नव्हतं. त्याला तक्रार करता आली असती तर मला इतकी लाज वाटली नसती.

बापसानं माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही. मला अजून वाटतं, ओरडायला हवा होता. उठला, कोपऱ्यातलं बांधलेलं गाठोडं सोडलं, त्यातला जुना, मऊ पडलेला सदरा काढला, उलटा केला आणि दादाच्या अंगावर घातला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराकडे जाऊन म्हणाला, “पट्ट्याचं मी भरतो. पोराला खाडीच्या टोकाच्या बांधावर राखणीला ठेवा, तिथं इंजिन ऐकू येत नाय. मीठ कवा पडंल, ते तुमाला दुसरा कोन सांगल?” ठेकेदारालाही मिठाशी मतलब. दादा राहिला, मरेपर्यंत राहिला. पण मी राखला नाही त्याला. त्याचा तोच राहिला.

आता, प्रवासातून काय घेऊन आलात, असं ब्लॉगवर शेवटी लिहायचं असतं. अलीकडे शेजारच्या एका लेकराच्या आईनं मला ‘स्वमग्न’ हा शब्द सांगितला आणि काही मुलांना आवाज, स्पर्श, वास आपल्यापेक्षा कितीतरी जोरात लागतात, हेही समजावलं. मी मान डोलावली. घरी येऊन दार लावून रडले. शब्द नव्हता म्हणून चुकले असं म्हणायची सोय आहे. पण त्या म्हातारीकडे कुठे होता शब्द?

त्या टिटवाळ्यानंतर मी बांधावर गेले की माझी पावलं ओळखून दादा दोन्ही हात कानांवर न्यायचा. ढोल, शिट्टी, इंजिन आणि मी. मग मी बांगड्या काढून ठेवायला लागले. लग्न झाल्यावरही, सासू टोकायची तरी, माहेरी निघताना काचेच्या बांगड्या डब्यात जायच्या. डोंबिवलीच्या सासरहून मी महिन्यातून एकदा यायचे, वहाणा रस्त्यातच सोडायचे, बांधावरून अनवाणी जायचे आणि त्याच्यापासून दहा हातांवर बसून राहायचे. बोलायचं नाही. फडक्यातलं आमच्या आगराचं मीठ मध्ये ठेवायचं.

अशी सहा वर्षं गेली. एका फाल्गुनात मी बसलेली, वाफे भरलेले, वारा पडलेला. त्यानं एक हात खाली आणला. वाफ्याकडे बोट करून म्हणाला, “पडलं.” मी श्वास धरून कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही, पण मी मान हलवली.

दुसरा हात, माझ्या बाजूचा, त्यानं शेवटपर्यंत कानावरून काढला नाही.